चार काट्यांवरची गाडी

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळ. अर्धे उघडलेले शटर, आत पांढरी स्विफ्ट.)

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील या शेडमध्ये मागच्या पिढीत ऑईल इंजिनांची कामे होत असत. नदीकाठच्या उसाला पाणी चढवणारी ती इंजिने आता कामाला येत नाहीत. पण लेथ तोच आहे, शहाबादी फरशी तीच आहे, आणि त्या फरशीवर आज एक जुनी मारुती स्विफ्ट उभी आहे. तिची मागची सीट, कार्पेट आणि दरवाजांची अस्तरे काढून टाकलेली असून आत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणारा लोखंडी पिंजरा, बसवलेला आहे. पुढच्या आठवड्यात ही गाडी कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवे या रेसच्या ट्रॅकवर उतरणार आहे. ती चालवणारा तरुण एका फाउंड्रीत नोकरी करतो, आणि तिची जुळणी करणारे मेस्त्री हे त्याचे मामा आहेत.

रेसिंगच्या गाडीचा विषय निघाला की बोलणे इंजिनाकडे वळते. या गाडीचे इंजिन कारखान्यातून आले तसेच आहे, आणि या चित्रफितीत बॉनेट एकदाही उघडलेले दिसणार नाही. गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार जागांपुरता. त्या प्रत्येक जागेवर किती भार पडावा आणि टायर तिथे कोणत्या कोनात टेकावा, हे ठरवण्याच्या कामाला सस्पेन्शनची जुळणी म्हणतात. आमच्या मते गाडी घडते ती इथे.

(दृश्य: पारदर्शक नळी, त्यात तांबडी शाई घातलेले पाणी.)

पहिला अर्धा दिवस गाडीला कोणी हात लावत नाही, कारण आधी जमीन मोजली जाते. गवंडी ज्या पद्धतीने पाण्याच्या नळीवरून जोत्याची पातळी काढतो, त्याच पद्धतीने मेस्त्री चारही चाकांखालच्या जागा एका पातळीत आणतात. उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात फरशी सहा मिलिमीटर दबलेली निघाली. तिथे पत्र्याचे तुकडे एकावर एक रचून ती जागा वर घेतली गेली, आणि नळीतील तांबडी रेघ दोन्ही टोकांना सारखी दिसेपर्यंत हे काम सुरू राहिले. जमिनीत चूक राहिली तर पुढचे प्रत्येक माप त्या चुकीसह घेतले जाते.

(दृश्य: गाडीखालून. पुढचे चाक, स्ट्रट, खालचा आर्म.)

या गाडीच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना पुढे आणली. स्प्रिंगची उसळी शमवणारा शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात, खाली चाकाला गाडीशी जोडणारा एक आर्म, आणि झाले. जागा कमी लागते आणि खर्चही कमी येतो, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये तीच आढळते. तिची एक मर्यादा मात्र आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा बाहेरचे चाकही तिच्याबरोबर कलते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. म्हणून उभ्या गाडीतच चाकाचा वरचा भाग आत झुकवून ठेवावा लागतो, आणि या झुकावाला कॅम्बर म्हणतात.

इथे एका चुकीच्या प्रथेबद्दल बोलणे भाग आहे. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकण्याचे काम अनेक गॅरेजांत सर्रास चालते. कापलेली स्प्रिंग कडक होते, चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागा संपते, आणि गाडी फार खाली आल्यामुळे खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला राहतो. आर्म असा उलटा झाला की वळणावरचा कल कमी होण्याऐवजी वाढतो. दिसायला गाडी रेसची वाटते, पण तिची पकड मात्र कमी झालेली असते. मेस्त्रींचा नियम साधा आहे: आर्म जमिनीला समांतर आला की थांबायचे. गेल्या वर्षी दुसरीकडे कापून घेतलेल्या स्प्रिंगांवर हीच गाडी टायरांच्या भिंतीत गेली आणि भाच्याचे मनगट मोडले. आज तिच्यात पूर्ण लांबीच्या नव्या स्प्रिंगा आहेत.

(दृश्य: ओळंबा. रिमच्या कडेशी स्टीलची पट्टी.)

कॅम्बर मोजण्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. ओळंब्याचा दोरा टायरच्या फुगवट्याला स्पर्श न करता रिमसमोर सोडायचा, आणि रिमची वरची व खालची कड त्या दोऱ्यापासून किती दूर आहे ते पाहायचे. दोन कडांमधले अंतर साधारण ४०० मिलिमीटर असल्यामुळे सात मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. पट्टीवर एकवीस मिलिमीटर आले, म्हणजे तीन अंश झाले.

त्यानंतर गाडीच्या दोन्ही अंगांना, हबच्या म्हणजे चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोरा ताणला जातो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते, त्यामुळे दोरा टायरांना चिकटवून चालत नाही. पुढच्या दोन हबांपासून त्याचे अंतर डावीउजवीकडे सारखे हवे, तसेच मागच्या दोन हबांपासूनही. दोरा असा बसला की रिमची पुढची आणि मागची कड त्यापासून मोजून चाकाचा टो कळतो, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर तोंड करून आहे ते. पुढची चाके प्रत्येकी एक मिलिमीटर बाहेर तोंड करून ठेवली आहेत, म्हणजे गाडी वळणात लवकर शिरते. कॅम्बर बदलला की टो बदलतो आणि उंची बदलली की दोन्ही बदलतात, म्हणून हे सगळे तीन वेळा मोजले गेले. आम्ही एकच वेळ दाखवत आहोत.

(दृश्य: लेथ. लोखंडाची चमकती वेटोळी खाली पडत आहेत. काही क्षण केवळ लेथचा आवाज.)

मागच्या स्प्रिंगांची उंची कमीजास्त करता यावी म्हणून आटे पाडलेल्या या बैठका इथेच तयार झाल्या.

(दृश्य: चार प्लॅटफॉर्म काटे. गाडी फळ्यांवरून काट्यांवर चढवली जात आहे.)

आता दिवसातील मुख्य काम. मार्केट यार्डात गुळाचे रवे ज्या जातीच्या काट्यांवर तोलले जातात, तसेच हे चार काटे आहेत. प्रत्येकाची वजने ठेवून तपासणी झाली आहे. टायरांत २८ पाउंड हवा, अर्धी टाकी पेट्रोल, पुढच्या अँटिरोल बारची, म्हणजे वळणावरचा कल रोखणाऱ्या दांड्याची, एक लिंक सोडलेली, आणि हेल्मेट घालून सीटवर बसलेला ड्रायव्हर, कारण ट्रॅकवर गाडी त्याच्यासह धावणार आहे. टायर काट्यावर अडकून खोटे वजन दाखवू नये म्हणून प्रत्येक टायरखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे आहेत.

(मूळ आवाज. मेस्त्री: "हलू नको रे." भाचा: "नाही मामा.")

खडूने फरशीवर आकडे लिहिले जातात. पुढे डावीकडे ३०६ किलो, उजवीकडे २९८. मागे डावीकडे १६०, उजवीकडे १९६. एकूण ९६०. ड्रायव्हर उजवीकडे बसत असल्यामुळे उजवी बाजू जड असणारच, आणि त्यावर उपाय नाही. मेस्त्री मात्र बेरीज तिरकी करतात: पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून ४५८, पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून ५०२. पाय छोटामोठा झालेली खाट जशी दोन तिरक्या पायांवर डुगडुगते, तशी ही गाडी एका कर्णावर अधिक रेलून उभी आहे. अशी गाडी डाव्या वळणाला एक वागते आणि उजव्या वळणाला दुसरे.

पुढची उजवी आणि मागची डावी बैठक थोडी वर चढवली, उरलेल्या दोन तेवढ्याच खाली घेतल्या. गाडी दोन वेळा दाबून सोडली. पुन्हा आकडे, त्याच क्रमाने: २९५, ३०९, १७१, १८५. दोन्ही कर्णांवर ४८० किलो. पुढच्या आणि मागच्या, डाव्या आणि उजव्या बाजूचे एकूण वजन किलोभरही हललेले नाही. बदलला तो फक्त चार चाकांनी आपसांत वाटून घेतलेला भार.

कोल्हापुरात मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा गो-कार्ट ट्रॅक आहे, आणि इथल्या अनेक मुलांची रेसिंगशी पहिली ओळख गो-कार्टमधून होते. गो-कार्टला स्प्रिंगही नसते आणि शॉकही नसतो. तिची चौकटच पिळवटते आणि भार इकडून तिकडे नेते. कदाचित म्हणूनच काट्यांवरचे हे आकडे भाच्याला समजावून सांगावे लागले नाहीत.

(दृश्य: करी मोटर स्पीडवे. वळण, संथ गतीत.)

ट्रॅकचे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून पडले, ज्यांनी मारुतीचे छोटे इंजिन वापरून भारतातच फॉर्म्युला गाड्या, म्हणजे एका सीटच्या, उघड्या चाकांच्या रेसिंगच्या गाड्या, घडवल्या. या वळणावर मागचे आतले चाक पाहा. ते जमिनीवरून उचलले गेले आहे, आणि ही चूक नाही. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीची सवय वळणावर नाकाने सरळ जाण्याची असते. मागची बाजू मुद्दाम कडक केली की कल रोखण्याचा मोठा वाटा ती उचलते, पुढच्या दोन चाकांवरचा भार अधिक सारखा राहतो, आणि नाक वळणात जाते. त्याची किंमत म्हणजे हवेत असलेले ते चाक. ते टेकते तेव्हाचा क्षण आम्ही चार वेळा चित्रित केला.

(दृश्य: पिट, म्हणजे ट्रॅकलगतची गाडी थांबवण्याची जागा. टायरच्या रबरात टोचलेली तापमापकाची सुई.)

गाडी आत येताच डाव्या पुढच्या टायरचे तापमान तीन ठिकाणी घेतले गेले: आतल्या कडेला ८४ अंश, मध्ये ७९, बाहेर ७६. आतली कड थोडी अधिक तापलेली असणे योग्य. कॅम्बरला हात लावण्याची गरज नाही. हवा ३३ पाउंडांवर गेली होती. फेरीची वेळ गेल्या वर्षीपेक्षा सेकंदाहून अधिक सुधारली आणि शर्यत सातव्या क्रमांकावर संपली.

(दृश्य: मेस्त्रींची वही, जवळून. मागे दुसऱ्या गाडीचा आवाज.)

मेस्त्री आकडे उतरवून घेतात, आणि त्याखाली पुढच्या वेळेसाठी एक ओळ लिहितात: मागचे शॉक, दोन क्लिक नरम.