होमाईबाईंचा कॅमेरा आणि संसार

श्रोतेहो, नमस्कार.

हातातलं पांढरं कबूतर उडवणारे पंडित नेहरू. हे छायाचित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. ते होमाई व्यारावाला यांचं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मला आज त्यांच्या संसाराबद्दलही बोलायचंय, कारण त्यांच्या कामात संसार पार मिसळून गेला होता.

होमाईबाईंचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. वडील पारशी नाटकमंडळीत होते. होमाई मुंबईत वाढल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी. पुढे लग्नही त्यांच्याशीच झालं. 'इलस्ट्रेटेड वीकली' या इंग्रजी साप्ताहिकात होमाईबाईंची छायाचित्रं झळकू लागली, पण सुरुवातीला खाली नाव छापलं जाई माणेकशांचं! बाईमाणसाच्या नावाला तेव्हा वजन नव्हतं. मला ही गोष्ट आजही बोचते.

१९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले. तिथे साडी नेसून, सायकलवरून, जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन होमाईबाई कामाला जात. हा कॅमेरा कसा चालायचा ते ऐका. फिल्मचा एकेक सुटा तुकडा होल्डरमध्ये घालायचा, होल्डर कॅमेऱ्यात सरकवायचा, वरची झडप ओढायची आणि मग बटण दाबायचं. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे. पुढच्या फोटोसाठी तो काढून नवा बसवायचा. एवढं होईपर्यंत समोरचा प्रसंग सरलेला असे. म्हणून त्या आधी माणसं न्याहाळत, नेमका क्षण हेरत. फाळणीच्या ठरावावर वर झालेले नेत्यांचे हात त्यांनी असेच टिपले.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या प्रार्थनासभेला त्या निघाल्या होत्या. उद्या दोघं मिळून जाऊ, असं म्हणून माणेकशांनी त्यांना परत बोलावलं. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. तो क्षण हुकल्याची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली.

१९६९ मध्ये माणेकशा गेले आणि १९७० मध्ये होमाईबाईंनी काम थांबवलं. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, उद्धटपणा त्यांना मानवेना. अनेकजण याबद्दल हळहळतात. मला मात्र त्यांच्या या निर्णयाचा आदर वाटतो. आपल्या कामाची पत आपण राखायची, हा त्यांचा बाणा होता. त्या पिलानीला मुलाकडे, फारुखकडे गेल्या, नंतर वडोदऱ्याला. १९८९ मध्ये कर्करोगाने फारुखही गेला. त्यानंतर त्या एकट्याच राहिल्या. बागकाम, घरातली बारीकसारीक दुरुस्ती, सगळं स्वतःच्या हाताने.

२०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १५ जानेवारी २०१२ ला त्या गेल्या, वयाच्या ९८ व्या वर्षी. त्यांचा छायाचित्रसंग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. अंकात, स्मरणिकेत किंवा शाळेच्या भित्तिपत्रकावर त्यांचं छायाचित्र लावाल, तेव्हा त्याखाली होमाई व्यारावाला हे नाव जरूर लिहा.

नमस्कार.