चौकोन मोजला, देवी राहिली

नमस्कार मंडळी! पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संग्रहालय आहे. गेला नसाल तर जरूर जा आणि वारली चित्रांपाशी थोडं थांबा.

शाळेत आपण असंच चित्र मुलांपुढे ठेवतो. 'त्रिकोण किती? चौकोन कुठे?' पोरं पटापट मोजतात. पण वारल्यांच्या लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, तो पालघट देवीसाठी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. देवीला वगळून नुसता चौकोन मोजला, तर शिकवलं काय आपण?

गणित शिक्षणाच्या संशोधनात हा प्रश्न आज गांभीर्यानं विचारला जातोय. ब्राझीलच्या उबिराटान द'अँब्रोसिओ यांनी 1984 मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला गणित शिक्षणाच्या जागतिक परिषदेत एथ्नोमॅथेमॅटिक्स मांडलं. मोजायच्या, मापायच्या रीती प्रत्येक समाजाच्या आपापल्या असतात, हा त्याचा गाभा. अमेरिकेतल्या रोशेल गुटिएरेझ यांनी 2017 मध्ये त्यापुढे जाऊन झाडं, प्राणी आणि माणसं यांच्या नात्यातलं गणित मांडलं.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. कॅनडाच्या पूर्वेकडचे मिगमाव लोक बर्च झाडाच्या सालीचे डबे करतात, वर साळिंदराच्या काट्यांची नक्षी. गोल झाकणाचं कडं केवढं घ्यायचं? तिथल्या एका ज्येष्ठ कारागीर बाईंनी संशोधकांना सांगितलं: रुंदीच्या तिप्पट, वर एक अंगठा. करून बघा. झाकण 7 इंच रुंद असेल तर तिप्पट 21, अंगठा साधारण इंचभर, झाले 22. बावीस सप्तमांश! गणितातला पाय (π) आला हातात.

पण इथेच थांबलो तर पुन्हा देवी बाहेरच राहते. मिगमाव लोकांत नेटुकुलिम्कची शिकवण आहे: निसर्गातून गरजेपुरतंच घ्यायचं, पुढच्यांसाठी राखायचं. साल किती काढली म्हणजे पुरे? माझ्या मते हाही गणिताचाच प्रश्न आहे आणि आपल्या पुस्तकांत तो नाही.

'म्हणजे वैदिक गणित ना?' नाही. ती झटपट आकडेमोडीची सूत्रं. हा विषय वेगळा आहे.

जुन्नर-आंबेगावात शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझी कळकळीची विनंती: महादेव कोळी, ठाकर मुलांच्या आज्यांना वर्गात बोलवा. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत आपल्याकडे आहेच. त्यांच्याकडे काय म्हणतात, पहिलं माप कुणासाठी ठेवतात, ते मुलांनाच विचारू द्या. आणि आजीनं सांगितलेलं फळ्यावर लिहा, तिच्याच शब्दांत.