परसातली शेकोटी : जाळ लहान, बैठक मोठी

(दृश्य: संध्याकाळ. परसात दगडांचं कडं केलेला गोल खड्डा, बाजूला रचलेलं सरपण.)

निवेदन:

घरच्या शेकोटीला जाळ लहान हवा. पाहुणे जमले की नेमकं उलटं होतं. कुणीतरी म्हणतं, "अजून दोन लाकडं टाक की!" लाकडं पडतात, जाळ उंच जातो, सगळे खूश होतात आणि पाठोपाठ खुर्च्या मागे सरकतात. आगीभोवतीचं रिंगण एवढं पसरतं की पलीकडे बसलेल्याचं बोलणंच ऐकू येत नाही. जेमतेम गुडघ्याएवढा जाळ, त्याखाली फुललेले निखारे आणि हात पुढे केला की धग लागेल एवढ्या अंतरावर बसलेली माणसं. शेकोटी रंगते ती अशी.

(दृश्य: दोन लाकडं एकमेकांवर आपटली जातात. कॅमेरा लाकडाच्या कापलेल्या टोकावर.)

अशा शेकोटीची तयारी सुरू होते सरपणापासून. हा आवाज ऐका. वाळलेली लाकडं एकमेकांवर आपटली की टणत्कार होतो. ओली असतील तर नुसतं 'थप्'. टोकाकडे पाहा : मधोमध निघालेल्या या भेगा, सुटत आलेली साल. लाकूड हातालाही हलकं लागतं.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. जाळायला घेताना ते २० टक्क्यांच्या खाली आलेलं हवं. त्यासाठी लाकूड फोडून, मधून हवा खेळेल असं रचून, फक्त वरून झाकून ठेवायचं. मऊ लाकडाला सहा महिने पुरतात, कठीण लाकडाला वर्ष लागतं, कधी त्याहूनही जास्त. ही घाई करण्याची गोष्ट नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं हे खरं, पण ओलं जळतं ते सुक्याच्या जिवावर. आगीची बरीचशी ताकद त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातच जाते, आणि वाट्याला येतो धूर.

(दृश्य: काडी ओढली जाते. वाळक्या गवतावर ठिणगी, मग काटक्या. अगदी जवळून.)

आता या काटकीकडे नीट बघा. ज्वाळा लाकडाला टेकलेली नाही. मध्ये बारीकशी फट आहे. लाकूड २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या घरात तापलं की त्यातून वायू सुटू लागतात. पेट घेतात ते हे वायू. त्यात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात, ते तापून उजळतात, म्हणून ज्वाळा पिवळी दिसते. वायू सुटायचे थांबले की मागे उरतो कोळसा. तो ज्वाळेशिवाय, आतून लाल होत जळतो. तडतड ऐकू येते तीही इथलीच : लाकडाच्या पोकळ्यांत अडकलेली वाफ आणि वायू वाट काढत फुटतात.

मग धूर म्हणजे काय? जळायचं राहून गेलेलं सरपण. वायू सुटले, पण त्यांना पुरेशी उष्णता किंवा पुरेशी हवा मिळाली नाही. म्हणून शेकोटी धुमसू लागली की वर लाकूड टाकायचं नाही. लाकडं थोडी सुटी करायची, खालून हवेला वाट द्यायची. पेटवतानाही तेच : आधी गवत, मग करंगळीएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढी फाटी. मोठा ओंडका सर्वांत शेवटी, आणि तोही एका वेळी एकच.

(दृश्य: धूर एका खुर्चीकडे वळतो. माणूस उठून दुसरीकडे बसतो, धूर तिकडे झुकतो.)

धूर आपल्याच मागे लागतो, असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. गरम हवा वर चढते, तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी गार हवा आगीकडे ओढली जाते. तुम्ही बसलात की तुमच्या बाजूने येणारी हवा अडते आणि धूर त्या बाजूला कलतो. सगळेजण सारख्या अंतरावर, रिंगण करून बसले तर हा त्रास बराच कमी होतो. वारा असेल तेव्हा मात्र वाऱ्याचंच चालतं.

हल्ली दुहेरी भिंतीचे, पत्र्याचे फायर पिट आले आहेत. दोन भिंतींच्या मधल्या जागेत खालून हवा शिरते, तापत वर जाते आणि आतल्या काठाजवळच्या भोकांतून बाहेर पडते. ही तापलेली हवा मिळाली की धुरातले वायू तिथे, काठाजवळच पेटतात. कल्पना सुंदर आहे. पण ओलं लाकूड घातलं किंवा भोकांच्याही वर लाकडं रचली, तर हाही पिट धूर सोडतोच. शिवाय उंच भिंत पायांकडे येणारी धग अडवते. बसून शेकायचं असेल तर मला बुटक्या कड्याचा उघडा खड्डाच जास्त आवडतो.

(दृश्य: निखारे. त्यांच्यावरून लहरत जाणारी लाली.)

उघड्यावरच्या शेकोटीत तापलेली हवा सरळ वर निघून जाते, ती आपल्या कामाची नाही. आपल्यापर्यंत पोहोचते ती आगीतून निघणाऱ्या किरणांची ऊब, आणि किरण सरळ रेषेत जातात. म्हणून तोंड भाजतं आणि पाठ गार राहते. अंतर दुप्पट केलं की ऊब साधारण पावपट उरते. मोठा जाळ माणसांना मागे ढकलतो, आणि तो ओसरला की लांब बसलेले सगळे कुडकुडतात. निखारे एकसारखी ऊब देतात, जवळ बसू देतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत, तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, राख आणि जळलेल्या हाडांचे तुकडे सापडले. ते साधारण १० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हापासून माणूस आगीजवळ बसतो आहे. बसून बोलतो काय? मानवशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी कलहारीतल्या जूहोआन्सी लोकांच्या संभाषणांचा अभ्यास २०१४ मध्ये मांडला. दिवसाच्या बोलण्यात कामधंदा, देणीघेणी आणि एकमेकांच्या तक्रारी जास्त. रात्री आगीभोवतीच्या संभाषणांत मात्र तब्बल ८१ टक्के गोष्टी. दिवसा हेच प्रमाण होतं ६ टक्के.

परसातल्या शेकोटीशी बसलं की हा फरक आपल्यालाही जाणवतो. अंधारात हातातली कामं थांबतात. नजर लावायला आग असते, त्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलावं लागत नाही. मधेच कुणी गप्प झालं तरी अवघडलेपण येत नाही. लाकूड सारायचं निमित्त असतंच. जे जेवणाच्या टेबलावर निघत नाही, ते इथे सहज निघतं. एवढ्यासाठी तरी मोबाइल घरात ठेवून यावं.

(दृश्य: खड्डा आणि घर यांतलं अंतर. वर मोकळं आकाश. जवळ पाण्याची बादली.)

जागा निवडताना घर, कुंपण, झाडं यांपासून निदान ३ मीटर लांब. जास्त असेल तर उत्तमच. डोक्यावर फांद्या नकोत. कडं करायला नदीतले दगड घेऊ नयेत : त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून उडतो. पेट्रोल तर कधीच नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि भडका माणसापर्यंत येतो.

रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक आगीत टाकू नये. वाळवी लागू नये म्हणून पूर्वी पुष्कळ लाकडावर आर्सेनिकयुक्त रसायन चढवलं जाई. असं जुनं लाकूड जाळलं तर ते विष धुरात आणि राखेत उतरतं. चांगल्या लाकडाच्या धुरातही अडीच मायक्रॉनहून बारीक कण असतात आणि ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. शेजारी कुणाला दमा असेल, हवा कोंडलेली असेल, तर त्या दिवशी शेकोटी राहू द्यावी. आपल्या भागात उघड्यावर आग पेटवायला परवानगी आहे का, हेही आधी पाहावं.

(दृश्य: काठीने निखारे पसरले जातात. पाणी. वाफ. पुन्हा काठी.)

विझवण्याचं काम मात्र कधी अर्धवट सोडू नये. मंद लाल दिसणारा निखारासुद्धा ५०० अंशांच्या वर तापलेला असतो, आणि राखेखाली तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. आधी निखारे पसरायचे, पाणी घालायचं, ढवळायचं, पुन्हा पाणी. तळहात राखेच्या जवळ नेऊन बघायचं. ऊब जाणवत असेल तर आणखी पाणी.

राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढायची आणि डबा भिंतीपासून लांब ठेवायचा. पूर्ण गार झाल्यावर साध्या लाकडाची राख मूठभर बागेत चालते, तिच्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं. आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांना ती घालू नये. आणि खड्डा खरवडून साफ करायचा नाही. तळाशी बोटभर राख राहिली तर खालची जमीन निखाऱ्यांची उष्णता ओढून घेत नाही, आणि पुढच्या वेळी जाळ लवकर धरतो.