सावली आधी, वस्तू नंतर

नमस्कार मंडळी. आज टेबलावर तीनच वस्तू आहेत. एक पांढरा कप, एक काचेचा ग्लास आणि एक स्टीलचा चमचा. कपाच्या काठाचा टवका उडालाय, तो मुद्दाम तसाच ठेवलाय. या तिघांचा मिळून एक फोटो आपल्याला काढायचाय.

स्टिल लाइफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंचा फोटो, म्हटलं की लोक आधी वस्तू शोधायला लागतात. जुनी पितळी भांडी, सुकलेली फुलं, कुठलंतरी देखणं कापड. मला विचाराल तर आधी सावली ठरवा. ती जमली की साधा चमचाही बघत राहावासा वाटतो. ती बिघडली तर कितीही सुंदर वस्तू आणा, फोटो कॅटलॉगसारखा दिसतो.

तर पहिलं काम. खोलीतले सगळे दिवे बंद करा. खरंच करा, कारण खिडकीचा उजेड निळसर असतो आणि बल्बचा पिवळट. दोन्ही एकत्र आले की पांढऱ्या कपाची एक बाजू निळी पडते, दुसरी पिवळी, आणि नंतर एडिटिंग करताना एक सुधारावी तर दुसरी बिघडते.

(कॅमेरा टेबलावर)

आता बघा. खिडकी माझ्या पाठीमागे आहे, म्हणजे उजेड कपावर समोरून पडतोय. सावली कपाच्या मागे लपली आणि कप कागदातून कापून चिकटवल्यासारखा चपटा झाला. आता मी टेबल आणि कॅमेरा दोन्ही फिरवते. खिडकी आली डाव्या हाताला. दिसला फरक? उजेड डावीकडून चढतो, कपाच्या पोटावर हळूहळू विरतो आणि उजव्या बाजूला काळोखात जातो. तो जो मधला विरण्याचा पट्टा आहे ना, त्यानंच कप गोल आहे हे डोळ्यांना कळतं. आणि काठाकडे या. तो उडालेला टवका मघाशी दिसतही नव्हता, आता त्याच्या खडबडीत कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटली आहे.

सावलीची कड फार करकरीत वाटली तर खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा. उजेड मोठ्या जागेतून यायला लागला की कड मऊ होते. तो कवडसा तसाच धारदार हवा असेल तर पडदा राहू द्या बाजूला. फोटोग्राफर आंद्रे कर्तेशचा १९२८ सालचा जेवणाच्या काट्याचा फोटो बघा. ताटलीच्या कडेवर टेकलेला एक काटा आणि त्याची सावली, बास. तिथे सावली धूसर असती तर फोटोच उरला नसता.

आता साध्या पांढऱ्या कार्डशीटचा एक तुकडा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, कपापासून वीतभर अंतरावर उभा केला. अंधारी बाजू उजळली. तोच तुकडा दूर नेला की अंधार परत आला. आता त्याच जागी काळा कागद. अंधारी बाजू आणखी गडद झाली, कारण खोलीच्या भिंतींवरून परत येणारा उजेडही त्यानं अडवला. या दोन कागदांच्या तुकड्यांशी आठवडाभर खेळलात तर महागडा लाइट घेण्याआधी निम्मं शिक्षण होऊन जाईल.

अंतराचंही तसंच. छोटा दिवा वस्तूपासून दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. खिडकी मोठी असल्यामुळे तिथे हिशेब इतका नेमका बसत नाही, पण रोख तोच. वस्तू खिडकीला चिकटून ठेवली की मागची भिंत अंधारते. दोन मीटर आत आणली की सगळं एकसारखं होतं.

आता ग्लास. इथे बरेच जण अडकतात. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक, हेन्री फॉक्स टॅल्बट, त्यानं १८४४ मध्ये फोटो चिकटवलेलं पुस्तक काढायला सुरुवात केली, त्यात चिनी मातीच्या भांड्यांचा एक फोटो आहे आणि काचेच्या भांड्यांचा वेगळा. त्यानं कारणही लिहून ठेवलंय: पांढरी भांडी इतकी उजळ असतात की काचेचं चित्र जेमतेम उमटायला लागेपर्यंत त्यांचं चित्र पूर्ण झालेलं असतं. आपल्या टेबलावर आज नेमकी हीच जोडी आहे.

काच समोरून उजळून दिसत नाही. तिच्या मागे काय आहे ते दिसतं. म्हणून मी ग्लास सरकवून कपाच्या अंधाऱ्या बाजूला आणला आणि फ्रेममध्ये त्याच्या मागे काळा कागद उभा केला. कागदाच्या कडेनं येणारा खिडकीचा उजेड ग्लासच्या कडांमध्ये शिरतो, आणि काळ्यावर पांढऱ्या रेघेनं ग्लास काढल्यासारखा दिसतो. मागे उजळ पांढरं ठेवून दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या बाहेर, काळे कागद लावले तर उलटं होतं, कडा काळ्या येतात. ग्लास मात्र आधी मऊ कापडानं पुसा आणि नंतर काठाला बोट लावू नका. बोटाचा ठसा फोटोत हमखास दिसतो.

चमच्याचं सांगायचं तर, चमच्याला जे दिसतं तेच तुम्हाला त्याच्यात दिसतं. आत्ता त्याला मी दिसतेय, कॅमेरा दिसतोय. थोडा कलवला, पांढरा कागद त्याच्यासमोर आणला, झाला स्वच्छ.

मोबाइलवाल्यांसाठी दोन गोष्टी. अगदी जवळ जाऊन काढू नका. मुख्य लेन्स वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी असते, कपाचा पुढचा काठ फुगतो. मागे सरका आणि दोन एक्स झूम वापरा. मग कपावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड येणार ते) लॉक करा, उजेड जरा खाली ओढा, नाहीतर कपाची उजळ बाजू पांढरीफट्ट होते. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ किंवा ११, म्हणजे लेन्सचं भोक बारीक. शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही, कप कुठे पळून जाणार आहे? १८३७ मध्ये फोटोग्राफीच्या आणखी एका आद्य संशोधकानं, दागेरनं, आपल्या स्टुडिओतल्या प्लास्टरच्या मूर्तींचा फोटो घेतला, कारण तेव्हा फोटोला जितका वेळ लागायचा तितका वेळ त्याच न हलता थांबू शकत होत्या.

फोटोग्राफर एडवर्ड वेस्टननं १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. तिच्याआधी कितीतरी मिरच्यांचे फोटो काढून झाले होते. हिचा नंबर ३०, फोटोचं नावही तेच. नरसाळ्याच्या आतल्या बाजूनं उजेड परतून तिच्या वळणांवर पडला. प्रागमध्ये योसेफ सुदेक या फोटोग्राफरनं १९४० पासून स्टुडिओची एकच खिडकी वर्षानुवर्षं टिपली, तिच्या चौकटीत ठेवलेल्या साध्या वस्तूंसकट. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. मला तो फार जवळचा वाटतो.

आपल्या फ्रेमकडे येऊ. चमच्याची सावली ग्लासच्या बुडाला टोचतेय. चमचा बोटभर मागे घेतला... आता दोघांत मोकळी जागा आली. कप जरा फिरवला, टवका उजेडाकडे. दोन सेकंदांचा टायमर लावते आणि हात बाजूला घेते.