पाय पूर्वेला

(दृश्य: पहाट, दफनभूमी)

सोलापूर. ईस्टरची पहाट. गवत उपटून झालंय, कबरींना चुना लागलाय, पुसट झालेली नावं काळ्या रंगानं पुन्हा गिरवलीत. त्यावर झेंडू, शेवंती आणि वाऱ्यात तग धरणाऱ्या मेणबत्त्या. ख्रिस्ती दफनाची जुनी रीत अशी, की पाय पूर्वेला असावेत. प्रभू येईल आणि मेलेले उठतील, तेव्हा तोंड उगवतीकडे असावं. देह पुन्हा उठणार नसेल, तर पाय कुठल्या दिशेला आहेत याला काय अर्थ?

(दृश्य: चहाचे कप, उघडं बायबल)

उपासना संपली की चहा, आणि चहाबरोबर वाद. एक तरुण म्हणतो, युगान्त होऊन गेला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात येशू म्हणाला, 'ही पिढी' सरण्याआधी हे सगळं होईल, आणि इ.स. 70 मध्ये तीतसच्या रोमन फौजेनं यरुशलेमचं मंदिर पाडलं. पुनरुत्थानही तेव्हाच झालं, आत्मिक अर्थानं. शेजारचे निवृत्त गुरुजी तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडतात. हुमनाय आणि फिलेत हे दोघं, पुनरुत्थान होऊन गेलं, असंच शिकवत होते, आणि तिथं त्यांना खोडून काढलंय.

मंदिर पडलं, हे खरंच. पण मंदिर पडलं म्हणून कबरी रिकाम्या झाल्या, असं कसं म्हणायचं? लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांना म्हणतो, मला चाचपून पाहा. मग त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो.

(दृश्य: शिवार, मालदांडी ज्वारीची मळणी, उडणारा भुसा)

करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत प्रश्न निघाला होता, मेलेले उठतात ते कसल्या शरीरानं? प्रेषित पौलानं उत्तरादाखल दाणा पुढे केला. पेरतो तो नुसता दाणा. तो मेल्याशिवाय उगवत नाही, आणि उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही. तरी ज्याचं बी, त्याचंच पीक. पौल गव्हाचं नाव घेतो, सोलापुरात ज्वारी म्हणावं. हे काळं ढेकूळ, हे ताट, हे भरलेलं कणीस. मातीत गेलेलंच बदलून वर येतं. पौलाचं म्हणणं एवढंच आहे, आणि आम्हाला ते पटतं.

ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य, मंडळीचं ढगांत उचललं जाणं, यावर गुरुजी आणि तरुण दुपारपर्यंत भांडू शकतात.

(दृश्य: दफनभूमीची भिंत, दाटीवाटीच्या कबरी)

जागा कमी पडतेय, म्हणून काही घरांत दहनाचा विषय निघतो. कॅथलिक मंडळीनं 1963 मध्ये त्याला मुभा दिली. राख उधळू नका, घरी ठेवू नका, असं व्हॅटिकननं 2016 मध्ये बजावलं.