उतरण्याआधी ट्रॅक्टर बंद

(पलूस तालुक्यातील एका शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. ऊसतोडीचा हंगाम निम्म्यावर आलाय. फड मोकळे व्हायला लागलेत आणि शिवारात पाचट कुट्टीचा, म्हणजे उसाचा वाळलेला पाला बारीक करणाऱ्या यंत्रांचा, घरघराट सुरू झालाय. पाचट पेटवू नका, सरीतच कुजवा, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या पिकाला, ओल टिकते, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, हे आता इथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही. चांगली गोष्ट आहे. पण पाचट पेटवायला काडी पुरायची, कुट्टीला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर लागतो आणि त्याच्यामागं पात्यांचा रोटर फिरतो. ते यंत्र चालवायचं कसं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मी बोलणार आहे ते त्या यंत्रावरून खाली कसं उतरायचं, याबद्दल.

ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामात आयुष्य गेलं. अपघात झालेली यंत्रं आमच्याकडंच येतात, आणि त्यांच्यासोबत त्यांची हकीकतही येते. नीट ऐकली तर बहुतेक वेळा ती एकाच जागेवर येऊन थांबते. चालक सीटवर होता तोवर काही झालं नाही. पाचट गुंडाळलं, रोटर अडकला, आवाज बदलला, म्हणून तो खाली उतरला. इंजिन चालूच होतं. हातात कोयता होता किंवा नुसताच हात होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

इंजिन बंद का केलं नाही, असं मी प्रत्येकाला विचारतो. निष्काळजीपणा म्हणून आपण मोकळे होतो, ते मला मान्य नाही. खरी कारणं दोन आहेत. पहिलं, बॅटरी उतरलेली. एकदा बंद केला की ट्रॅक्टर परत चालू होईल याची खात्री नाही, चालू करायचा तर चार माणसं ढकलायला लागतात. म्हणून चालक दिवसभर इंजिन बंदच करत नाही. दुसरं, कुट्टीचे पैसे एकरावर. दिवसात जेवढे एकर होतील तेवढी कमाई. दर वेळी बंद करा, उतरा, साफ करा, चढा, चालू करा, यात गेलेल्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. तेव्हा मालक मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. बॅटरी आणि सेल्फ आधी नीट करून द्या. ओलं पाचट असेल, रान अडचणीचं असेल, तर एकराचा दर थोडा वाढवून द्या. चालकाला भाषण देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आता हा शाफ्ट बघा. ट्रॅक्टरच्या मागून कुट्टी यंत्राकडं जातो तो, पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा. तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदाला नऊ. शाफ्टची जाडी आठ सेंटिमीटर धरली तर त्याचा घेर पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे एका सेकंदात तो सव्वादोन मीटर कापड गुंडाळून घेतो. काहीतरी चुकतंय हे डोक्यात येऊन हात हलायलाच पाऊण सेकंद जातो. तेवढ्यात दीड मीटरहून जास्त कापड आत गेलेलं असतं. ताकद लावून मागं खेचू, असं ज्याला वाटतं त्यानं हा हिशेब एकदा बोटांवर करावा. पन्नास एचपीच्या समोर पैलवानाचीही ताकद चालत नाही, आणि या कृष्णाकाठाला पैलवान काय असतो ते मी सांगायला नको.

आणि हा हंगाम थंडीचा. पहाटे फडात जायचं तर गळ्यात मफलर, खांद्यावर टॉवेल, अंगात सैल स्वेटर. बायकांचा पदर, मुलींची ओढणी. शाफ्टला एवढंच लागतं. मफलर काढून ठेवा, कानटोपी घाला. पदर कमरेला घट्ट खोचलेला असला तरी चालत्या शाफ्टजवळ जायचं नाही, कारण वाकलं की तो सुटतो. आणि शाफ्ट फिरत असताना त्याच्यावरून ओलांडून पलीकडं जायचं, हे तर मी रोज बघतो. ट्रॅक्टरला वळसा घालायला दहा पावलं लागतात हो.

शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर येतं. नव्या यंत्रासोबत येतंच. मग एक हंगाम झाला की ते गोठ्याच्या मागं पडलेलं सापडतं. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून काढलं, असं सांगतात. या कव्हरला दोन्ही टोकांना बारीक साखळी असते. ती ट्रॅक्टरच्या आणि यंत्राच्या बाजूला अडकवायची. साखळी अडकवली की आत शाफ्ट फिरतो, बाहेर कव्हर स्थिर राहतं. साखळी नसेल तर कव्हर शाफ्टबरोबरच गरगरतं, मग ते असून नसून सारखं. इंजिन बंद असताना कव्हर हातानं फिरवून बघा. सुटं फिरलं तर ठीक. अडकत असेल तर आतली बेअरिंग खराब आहे किंवा माती बसलीय. एवढी तपासणी चहा गार व्हायच्या आत होते.

आता रोटर. कुट्टी यंत्रात गिअरबॉक्स वेग वाढवतो, त्यामुळं पाती मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांनी फिरतात. पात्याच्या टोकाचा वेग काढला तर तो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. एखादा खडा, ठिबकच्या लाइनची तार, तोडणीवाल्यांनी विसरलेलं कोयत्याचं पातं, जे सापडेल ते त्या वेगानं बाहेर येतं. म्हणून यंत्राच्या पुढं साखळ्या आणि मागं रबरी पडदा दिलेला असतो. पडद्यात पाचट अडकतं म्हणून पडदा कापून टाकलेली यंत्रं मी पाहिलीत. त्यांच्या मागं पन्नास फुटांवर बायका उसाचे राहिलेले तुकडे वेचत होत्या. कुट्टी चालू असताना त्या रानात दुसरं कुणी नको. बांधावरही नको.

पीटीओ सोडला म्हणून रोटर लगेच थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्याचं वजनच एवढं असतं की तो आपल्या गतीनं फिरत राहतो. काही यंत्रांत तर शाफ्ट थांबलेला दिसतो आणि आत रोटर चालूच असतो. त्यामुळं शाफ्टकडं न बघता बाजूच्या बेल्टकडं बघा. बेल्ट थांबला की रोटर थांबला. क्रम असा ठेवा: पीटीओ सोडायचा, यंत्र जमिनीवर टेकवायचं, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, मग उतरायचं. चावी खिशातच हवी. नाहीतर तुम्ही मागं वाकलेले असता आणि दुसरा कुणीतरी मदत म्हणून स्टार्टर मारतो. पाती बदलायला यंत्र उचलून खाली शिरायचं असेल तर लाकडी ठोकळे लावल्याशिवाय शिरू नका. हायड्रोलिकचा पाइप फुटायला सूचना लागत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीला मोठ्या हॉटेलांच्या आणि शाळांच्या मैदानावर बसून चालवायचं गवत कापणीचं यंत्र असतं, राइडिंग मोवर म्हणतात. दिसायला आपल्या मिनी ट्रॅक्टरचं धाकटं भावंड. त्याच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना चालक सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद पडतं. मला ही रचना फार आवडते. ज्यानं ती केली त्याला माणसाचा स्वभाव कळला होता. माणूस उतरणार, घाईत उतरणार, बंद न करता उतरणार, हे त्यानं गृहीत धरलं आणि तिथंच आडवा हात घातला. आपल्या शेतातल्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरला असा स्विच नाही. तो स्विच आपल्यालाच व्हायचं आहे.

पात्याचं यंत्र आपल्या भागाला नवीन नाही. आपल्याच तालुक्यात कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि लोखंडी नांगराबरोबर कडबा कापायची यंत्रंही तयार केली. चार पिढ्या आपण कडबा कटर बघतोय. मळणी यंत्रांनी एवढे हात नेले की 1983 साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण बांधावर येऊन तुमच्या शाफ्टचं कव्हर तपासायला कुणी येत नाही.

आता ट्रॅक्टर उलटण्याचं बोलू. यावर जरा वेळ घेतो, कारण ऊस वाहतुकीत हे सगळ्यात जास्त होतं आणि ते का होतं हे फार थोड्यांना कळतं.

फडात भरलेली ट्रॉली रुतली. मागची चाकं जागेवर गरगर फिरतायत. मग आपण काय करतो? चाकाखाली दगड घालतो, ओंडका घालतो, कुणी तर चाकालाच लाकूड बांधतो. इथं काय होतं ते नीट समजून घ्या. इंजिनाची ताकद मागच्या धुरीवर, म्हणजे दोन चाकांमधल्या आसावर, येते. चाक फिरलं तर ट्रॅक्टर पुढं जातो. चाक पक्कं अडकलं आणि तुम्ही क्लच झटकन सोडला, तर चाक फिरत नाही, मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचं धूडच धुरीभोवती फिरायला बघतं. पुढची चाकं उचलतात. उचलायला लागल्यापासून पूर्ण उलटायला जेमतेम दीड सेकंद. त्यातल्या पहिल्या पाऊण सेकंदानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो. आणि आधी सांगितलंच, पाऊण सेकंद तर नुसतं कळायलाच जातो.

पुढचं उचलू नये म्हणून बंपरवर दोन पोरं बसवायची, ही आपल्याकडची युक्ती. ती बंद करा. दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायचं असेल तर साखळी खालच्या हुकालाच लावा. टॉपलिंकच्या, म्हणजे यंत्र जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी किंवा धुरीच्या वर कुठंही साखळी लावली की ओढताना पुढचं उचलणारच. आणि शक्य असेल तर थोडा ऊस उतरवा, रिव्हर्समध्ये बाहेर काढा. उतरवायला कष्ट पडतात, हे मला माहीत आहे. तरी उतरवा.

कडेला उलटणं वेगळं. मळीच्या म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, ओढ्याच्या काठाला, 2019 आणि 2021 च्या पुरानं नदीकाठ आतून पोखरलेत. वरून गवत हिरवंगार, खाली पोकळ. चर किंवा ओढा जितका खोल, तितकं तरी अंतर काठापासून सोडा. दहा फूट खोल तर दहा फूट लांब. तेवढी दोन सऱ्यांची कुट्टी राहिली तर राहू दे, ती हातानं पसरता येते.

ब्रेकचे दोन पॅडल रानात सुटे ठेवावे लागतात, वळायला. रस्त्यावर येताना ते खिटीनं जोडून घ्या. वेगात असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरून आडवा होतो. ही खिटी आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या ट्रॅक्टरना गंजून बसलेली असते, म्हणजे ती कधी वापरलीच नाही.

स्वीडनमध्ये 1959 सालापासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती मजबूत चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू नये म्हणून. चौकट असेल तर सीटबेल्ट लावायचाच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच चौकटीखाली येतो. आपल्याकडं लोक अँगल वेल्डिंग करून छत बसवून घेतात. ते उन्हासाठी चांगलं आहे. ट्रॅक्टरचं वजन ते पेलणार नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

मडगार्डवर बसणं. यावर एकच सांगतो. ट्रॅक्टरला एकच सीट असते. नातवाला हौस म्हणून बसवता, बायकोला रानात सोडायला बसवता, बैठक नाही, धरायला नाही, आणि खाली मोठं चाक. एका बांधाचा धक्का पुरतो.

एवढं करूनही प्रसंग आलाच, तर पहिल्यांदा इंजिन बंद. शाफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर इंजिननं उलटा फिरवून सोडवायला जाऊ नका, त्यानं जखम वाढते. कापड कापा, शाफ्ट सुटा करा. रक्त येतंय तिथं स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा आणि दाब काढू नका. 108 ला फोन लावा. तुटलेलं बोट किंवा हात ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट लावायचा नाही, पेशी मरतात. मिरज आपल्यापासून लांब नाही, वेळेत पोचलं तर डॉक्टरांना प्रयत्न करता येतो. हळद, चुना, ग्रीस असलं काही जखमेवर नको.

आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना माहीत असू द्या. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. दुःखात महिना निघून जातो आणि अर्ज राहतो, म्हणून सातबारा आणि कागदपत्रं घरात कुठं आहेत हे बायकोला आणि मुलाला ठाऊक असू द्या.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, मुलगा सोळाचा आहे, ट्रॅक्टर मागतो, देऊ का? ताई, रस्त्यावर नाही. लायसन्सला अठरा पूर्ण लागतात. रानातही एकट्याला कुट्टी यंत्र जोडून देऊ नका. सुट्टीत त्याला ग्रीस मारायला द्या, कव्हरची साखळी अडकवायला द्या, पाती बदलताना ठोकळे लावायला द्या, मोठ्या माणसासमोर, इंजिन बंद असताना. त्याला घेऊन आता बाहेर या. अंगणात ट्रॅक्टर उभा आहे, शाफ्टचं नवं कव्हरही आणलंय. ते आपण त्याच्याच हातानं बसवून घेऊ.