सांबऱ्याहून मुंबई किती लांब?

नमस्कार श्रोतेहो. खानापूरची माझी आत्या गेल्या महिन्यात बेळगावच्या सांबरा विमानतळावरून पहिल्यांदा विमानानं मुंबईला निघाली. मुलगा डोंबिवलीला असतो. नातवाच्या पृथ्वीगोलावर तिनं बेळगाव ते मुंबई दोरा लावून बघितला, तर तो नखाएवढाही भरला नाही. मला म्हणते, "एवढंसंच की रे! बाराला निघाले तर दोनला जेवायला डोंबिवलीत."

दोरा खोटं बोलत नव्हता. निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे असा रस्ता धरला तर मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. सरळ आकाशातून मात्र साधारण चारशेच. पंख्याचं छोटं विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं, म्हणजे गणितानं पन्नास मिनिटांत मुंबई यायला हवी. मग तिकिटावर सव्वा तास का?

कारण तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसते. चाकांना अडकवलेले ठोकळे काढल्यापासून ते मुंबईत परत अडकवेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं आलं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग आला. आणि मुंबई म्हणजे मुंबईच! तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरात. रांग लागली की विमान वरच घिरट्या घालतं. शिवाय वारा पश्चिमेचा असला की उतरायचं घाटकोपरच्या बाजूनं. आपण जाणार दक्षिणेकडून, म्हणजे वळसा आलाच. कंपन्या या उशिराची थोडी सोय वेळापत्रकातच करून ठेवतात. म्हणून कधी विमान 'वेळेआधी' पोचतं आणि आपण उगाच खूश होतो.

आत्याचा खरा हिशेब जमिनीवर होता. खानापूरहून बेळगाव गाठून पुढं बागलकोट रोडनं सांबरा, गाडीनं सव्वा तास धरा. काउंटर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून दीड तास आधी. उड्डाण सव्वा तास. पट्ट्यावर बॅग यायला अर्धा तास, त्यात बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डबा असल्यामुळं आत्याची नजर हलणार नाही. पुढं डोंबिवलीपर्यंत दीड तास, तोही रस्ता मोकळा असला तर. झाले सहा तास. आभाळात त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा.

रात्रीच्या बसला दहा-अकरा तास लागतात, म्हणजे विमान तरीही पुढंच. पण ज्याचं घर सांबऱ्याजवळ आणि काम अंधेरीत, त्याला ते जेवढं परवडतं तेवढं खानापूर-डोंबिवलीकराला नाही, असं माझं मत.

हे सगळं मी आत्याला बोटं मोजून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सहा तासांत दहीभात आंबतो काय रे?"